सुताराला टाळून केलेलं सुतारकाम

घरच्या घरी काँक्रीटचं टेबल करण्याची हौस अलीकडे बरीच पसरली आहे. टेबल म्हणजे जेवणाचं नव्हे. सोफ्याला खेटून उभं राहणारं, चहाचा कप, चष्मा, रिमोट आणि अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेर न आलेला दिवाळी अंक एवढ्यांना आसरा देणारं छोटंसं टेबल. मोबाइलवर ते मिनिटभरात होतं. कोणीतरी बादलीत करडी पूड ओततं, पाणी घालतं, ढवळतं, ते मिश्रण एका चौकोनात जातं आणि पुढच्याच क्षणी तो माणूस तयार टेबलावर कॉफी ठेवून आपल्याकडे बघून हसतो. हे पाहणाऱ्याच्या मनात काँक्रीटबद्दल प्रेम दाटून येतं असं मला वाटत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की या सगळ्यात सुतार कुठेच नाही. ‘उद्या नक्की’ म्हणून गेलेला आणि मग फोन न उचलणारा सुतार. ‘साहेब, प्लाय आणून ठेवा’ म्हणणारा आणि आणून ठेवल्यावर ‘हा कुणी आणला?’ म्हणणारा सुतार. पूड आणि पाणी यांच्या मध्ये असा तिसरा माणूस नाही, हे बघूनच प्रेक्षक हरखतो. माझं म्हणणं असं, की तो फसतो. काँक्रीटच्या टेबलात लाकडी टेबलापेक्षा सुतारकाम जास्त असतं. शिवाय ते उलटं करावं लागतं, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत करावं लागतं, आणि एवढं करून झालं की मोडून टाकावं लागतं.

काँक्रीटला स्वतःचं काही मत नसतं. लाकडाला रेषा असतात, गाठी असतात, दगडाला थर असतात. काँक्रीट ज्यात ओताल त्याचं होतं. म्हणून टेबल करायचं तर आधी टेबलाच्या आकाराची पोकळी करावी लागते. तळाला प्लाय, त्यावर सनमायका, चारी बाजूंनी पट्ट्या, कोपरे गुण्याला लावून काटकोनात, आणि सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवलेल्या. एवढं सामान घेऊन सुतारासमोर उभं राहिलं, तर तो सरळ टेबलच करून देईल, कारण त्याच्या दृष्टीने यात फक्त पायांची कमतरता आहे. बरं, साच्याला लागणारी अचूकता टेबलापेक्षा कडक असते. लाकडी टेबलाच्या सांध्यात दोन मिलिमीटरची फट राहिली तर भुसा आणि फेविकॉल कालवून ती भरतात, वरून पॉलिश मारतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पत्ता लागत नाही. साच्यात तेवढीच फट राहिली तर त्यातून सिमेंटचं पाणी गुपचूप गळून जातं, मागे नुसती वाळू आणि खडी उरते, आणि बांधकामवाले ज्याला हनीकोंब म्हणतात ती भोकाभोकांची कड टेबलाला कायमची मिळते. पट्ट्या सैल असतील तर ओल्या काँक्रीटच्या दाबाने त्या फुगतात आणि चौकोनाचं पोट सुटतं. त्यातही पट्ट्या खिळे ठोकून आणि गोंद लावून पक्क्या केल्या तर पंचाईत, कारण साचा उघडताही आला पाहिजे. म्हणजे हे असं सुतारकाम आहे, जे ओतताना हलता कामा नये आणि नंतर हट्ट न करता सुटलं पाहिजे. मुरलेल्या सुतारालाही यासाठी दोन वेळा विचार करावा लागतो. आपला गृहस्थ मात्र सुतारकाम जमत नाही म्हणून इथे आलेला असतो.

आता उलटेपणाकडे वळू. हे टेबल पालथं ओततात. साच्याचा तळ म्हणजे टेबलाचा माथा. ज्या बाजूवर कप ठेवायचा ती बाजू ओतताना दिसतच नाही. ती सगळ्यात खाली, सनमायकाला चिकटून, अंधारात तयार होत असते. दिसते ती वरची बाजू, आणि माणसाचा स्वभाव असा, की जे दिसतं ते तो सजवतो. थापी मारतो, रंधा फिरवतो, एक डोळा मिटून कडेने पातळी बघतो, पुन्हा चिमूटभर सिमेंट भुरभुरवून घोटतो. हा सगळा जिव्हाळा टेबलाच्या बुडाला मिळतो. तो घोटलेला भाग पुढे कधी कोणी पाहिलाच, तर केर काढायला खाली वाकलेलं माणूस पाहील, आणि त्या अवस्थेत कलेची कदर होत नाही. माथ्याचं भवितव्य मात्र काँक्रीट यायच्या आधीच ठरलेलं असतं. सनमायका चकचकीत असेल तर माथा चकचकीत, खरखरीत असेल तर खरखरीत. त्यावर लाकडाच्या रेषांचा उठाव असेल तर त्याही येतात. म्हणजे लाकडाची नक्कल करणाऱ्या सनमायकाची नक्कल काँक्रीट इमानाने करतं. सांध्यावर चिकटपट्टी लावताना एक सुरकुती राहिली तर ती आता टेबलाएवढं आयुष्य जगणार. कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून बोट फिरवलं, की त्या बोटाची जाडी म्हणजे टेबलाच्या कडेची गोलाई, आणि बोट जिथे अडखळलं तिथे कडेला एक गाठ. साच्यात केस पडला तर केसाचीही रेघ उमटते. माथ्यावर ‘श्री’ उठवायचा असेल तर तो आरशातला लिहावा लागतो, आणि ज्यांनी तो सरळ लिहिला त्यांच्या घरी पाहुण्यांना देवाचं नाव उलट्या दिशेने वाचावं लागतं. हे सगळं तपासायची वेळ ओतण्यापूर्वीची असते. पण तेव्हा घरातली चर्चा पाणी किती घालायचं यावर चाललेली असते.

आणि पाण्याचा प्रश्नसुद्धा शेवटी साच्याकडेच येतो. काँक्रीटमध्ये पाणी वाढलं की त्याची ताकद घटते. डफ अब्राम्स या अमेरिकन अभियंत्याने 1918 साली पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणाचा हा नियम मांडला, आणि तेव्हापासून जगभरचे पुस्तकी अभियंते ‘पाणी कमी’ म्हणतात व जगभरचे गवंडी ‘अजून एक मग टाक’ म्हणतात. गवंड्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नाही. घट्ट मिश्रण अरुंद कोपऱ्यात जात नाही, बुडबुडे सोडत नाही, आत घातलेल्या लोखंडी जाळीखाली शिरत नाही. साचा बाहेरून ठोकून ठोकून ते खाली बसवावं लागतं, आणि ठोकायचं म्हटलं की साचा ठोकण्याजोगा भक्कम हवा. तो तसा नसेल तर हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. कच्च्या साच्याची भरपाई पाण्याने आणि पाण्याची भरपाई पुढे तड्याने होते.

उलटेपणाचा सगळ्यात मजेदार बळी म्हणजे आतली जाळी. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसायला मात्र त्याची तयारी फार कमी. चार कोपऱ्यांत पाय असलेल्या टेबलावर मधोमध वजन पडलं की वरचा भाग दाबला जातो आणि बुडाचा भाग ताणला जातो, म्हणून जाळी बुडाकडे हवी. पण टेबल पालथं ओततोय. तेव्हा बुडाकडे म्हणजे साच्यात वरच्या अंगाला! घरच्या कारागिराला ‘सळई खाली असते’ एवढं इमारतीचा स्लॅब बघून माहीत असतं, म्हणून तो भक्तिभावाने जाळी साच्याच्या तळाशी टाकतो, आणि टेबल सुलटं केल्यावर ती जाळी माथ्याजवळ, जिथे तिची गरज नाही अशा ठिकाणी, निवृत्त अधिकाऱ्यासारखी बसून राहते. शिवाय माथ्याला इतकी जवळ आली की वर्षा-दोन वर्षांत गंजाची जाळीदार नक्षी वर उमटण्याची सोय होते. चार सेंटीमीटरच्या फळीत खडीसुद्धा एक सेंटीमीटरपेक्षा मोठी चालत नाही. जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा खडी मोठी नको, असं आयएस 456 हे आपलं भारतीय मानकच सांगतं. शेजारच्या बांधकामावरून ‘जरा दोन घमेली’ मागून आणलेली खडी बहुधा या परीक्षेत नापास होते.

टेबलापेक्षा साचा मोठा, हा काही मी मांडलेला नवा सिद्धांत नाही, सारा इतिहास माझ्या बाजूने आहे. रोममधल्या पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा आहे, आत एकही सळई नाही, व्यास 43 मीटर, आणि उभा राहून जवळपास 1900 वर्षं झाली. त्याच्याखाली तेवढ्याच आकाराचा लाकडी सांगाडा कोणीतरी उभा केला असणार, तोही जराही न हलणारा, आणि मग घुमट तोलला गेल्यावर अलगद काढला असणार. प्रवासी मान वर करून घुमट बघतात. सांगाड्याचं तिकीट कोणी काढत नाही. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने मार्सेयच्या, 1952 साली पुऱ्या झालेल्या वसाहतीत काँक्रीटवर उमटलेले फळ्यांचे व्रण तसेच ठेवले, आणि जगाने त्याला शैली मानलं. चंडीगडमध्येही ते व्रण बघायला मिळतात. ते व्रण काढले कोणी? सुतारांनी ठोकलेल्या फळ्यांनी. तादाओ आंदो या जपानी वास्तुकाराच्या भिंती हात फिरवावा इतक्या नितळ असतात, त्यामागेही साचे करणाऱ्या सुतारांचा हात आहे. आपल्याकडे तर हा अन्याय रोज होतो. घराचा स्लॅब पडतो त्या दिवशी नारळ फुटतो, मजुरांना जेवण मिळतं, मालक घमेल्यासह फोटो काढून घेतो. त्याआधी आठवडाभर सेंट्रिंग ठोकणाऱ्यांसाठी कोणी सुपारीसुद्धा फोडत नाही, आणि सेंट्रिंग काढायच्या दिवशी तर पायात खिळा जाईल म्हणून मालक साइटवर फिरकतही नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास पैशाचा येतो: लाकूड महाग, सिमेंट स्वस्त. हिशेब करून बघू. 45 सेंटीमीटरची चौरस फळी, जाडी 4 सेंटीमीटर, म्हणजे काँक्रीट आठ लिटर, वजन जवळपास 20 किलो, आणि त्यात सिमेंट तीन ते पाच किलो. खरंच किरकोळ. पण पोतं 50 किलोचं असतं. साच्याला प्लाय, सनमायका, पट्ट्या, स्क्रू, सिलिकॉनची नळी, आणि सिलिकॉनची ती बंदूक, जी एकदाच वापरली जाते आणि मग माळ्यावर जाते. या खर्चात लाकूड आलंच की. फक्त ते घरात राहत नाही, भंगारात जातं. स्वस्ताईची ही समजूत आपल्याकडे तशी नवीच आहे. सिमेंट एके काळी परवान्यावर मिळायचं, आणि घर बांधणारा माणूस पोत्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचा. 1982 च्या जानेवारीत सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. सिमेंट पूर्णपणे नियंत्रणमुक्त झालं ते 1989 साली. म्हणजे सिमेंटने खुर्ची घालवल्याचा पुरावा आपल्या इतिहासात आहे. टेबल मिळवून दिल्याचा अजून शोधायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. साचा करायचाच कशाला, घरात तयार साचे पडलेत ना! टब आहे, घमेलं आहे, बादली आहे, केकचं भांडं आहे. तेल लावा, ओता, उपडं करा. हे मला मान्य आहे, कारण हे चालतं. बादली खाली निमुळती असते म्हणून काँक्रीट तिच्यातून सुटतं, आणि प्लॅस्टिक गुळगुळीत असतं म्हणून चेहरा छान येतो. पण मग टेबलाला बादलीचा आकार येतो, आणि बुडाशी असलेली कंपनीची मोहोर माथ्यावर उलटी उमटते. घमेल्यातून काढलेलं टेबल कितीही पॉलिश केलं तरी घमेल्यासारखंच दिसतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा ते आतून पोकळ आहे का हे बघायला ठोकून बघतो. यात माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही. साच्याचं काम आधीच कारखान्यात कोणीतरी केलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही सुताराला टाळलं नाही, दूरचा आणि अनोळखी सुतार निवडलात, जो तुमच्या सोफ्याची उंची न विचारता मोकळा झाला.

कोणी म्हणेल, काँक्रीटचं फर्निचर आपल्याकडे पूर्वापार आहे, त्यात एवढं कसलं कौतुक आणि कसली टीका? हेही खरं. महाराष्ट्रात काँक्रीटची बैठक नसलेलं गाव शोधून दाखवावं. एसटी स्टँडवर, देवळासमोर, नदीच्या घाटावर, शाळेच्या मैदानात तो बाक असतोच, आणि पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ किंवा निधी कोणत्या लोकप्रतिनिधीचा हे अशा अक्षरांत लिहिलेलं असतं, की टेकणाऱ्याच्या शर्टावर निवडणूक उमटावी. सिमेंटची तुळशीवृंदावनं हमरस्त्याच्या कडेला ओळीने मांडलेली असतात. दाराच्या सिमेंटच्या चौकटी आहेत, गुरांचे हौद आहेत, धुणं धुवायचे दगड आहेत. पण जरा त्या वृंदावनवाल्याच्या मागच्या आवारात डोकावून बघावं. तिथे दोन अर्ध्यांचे, नटबोल्टांनी जोडायचे लोखंडी साचे रचलेले असतात. एका साच्यातून तो वर्षानुवर्षं वृंदावनं काढतो. साच्याचा खर्च पाचशे तुळशींवर वाटला जातो, म्हणून वृंदावन परवडतं. घरचा कारागीर तेवढाच साचा एका टेबलासाठी करतो. त्याला हे कळलं की तो दुसरं टेबल काढतो, मग तिसरं, आणि इथून पुढे धोका नातेवाइकांना असतो. वास्तुशांतीला वीस किलोचा आहेर येतो, तो नाकारता येत नाही आणि उचलताही येत नाही. पत्रिकेवरच्या ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीला पहिल्यांदाच काही अर्थ येतो.

एका ठिकाणी मात्र माझा युक्तिवाद हलतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. साच्याशिवाय काँक्रीटच्या वस्तू करता येतात. तारेची जाळी वळवून हवा तो आकार करायचा आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचा गिलावा थापायचा. फ्रान्समध्ये लांबो नावाच्या गृहस्थाने 1848 साली अशी चक्क नाव केली आणि 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. झोझेफ मोनिए या माळ्याच्या कुंड्या फुटायच्या, म्हणून त्याने त्यांत लोखंडी जाळी घातली आणि 1867 साली पेटंट घेतलं. आजच्या मनोऱ्यांचा आणि पुलांचा जन्म एका माळ्याच्या कुंडीत झाला, हे घरच्या कारागिरांनी छाती फुगवून सांगावं. या वाटेने गेलात तर सुतार खरोखरच सुटतो. त्याच्या जागी गवंडी येतो. उभ्या जाळीवर गिलावा थापताना तो खाली न पडता चिकटावा, सगळीकडे सारख्या जाडीचा बसावा, यासाठी मनगटाला जी सवय लागते ती चित्रफितीतून डाउनलोड होत नाही. पहिला गोळा पायावर पडतो, दुसरा जाळीच्या पलीकडच्या भिंतीवर. (ओलं सिमेंट कातडीला भाजतं, तेव्हा हातमोजे घालावेत, इथे विनोद नाही.) पण तत्त्व म्हणून मी हार मानतो: ज्याला सुतार नकोच आहे, त्याने माळ्याचा मार्ग धरावा.

ओतून झाल्यावरचा काळ तर आपल्या संस्कारांच्या थेट विरोधात जातो. मराठी घरात ओली वस्तू दिसली की ती उन्हात ठेवायची, हे कोणी शिकवावं लागत नाही. काँक्रीटला कुरडईचा न्याय लावता येत नाही. ते सुकून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, आणि त्यासाठी पाणी लागतं. म्हणून ते ओलं ठेवायचं, सावलीत ठेवायचं, वर गोणपाट घालून ते भिजवत राहायचं. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारायचं असतं, आणि ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. चित्रफितीत हे दिवस कापलेले असतात. प्रत्यक्षात ते घरातल्या बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत काढावे लागतात, आणि बाल्कनीत काढले तर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडेही सोबत भिजतात. घरातला प्रत्येक जण जाता-येता ‘सुकलं का?’ विचारतो. सुकू द्यायचं नाहीये हे सांगून सांगून कारागीर थकतो, आणि कोणीतरी प्रेमाने, दुपारच्या उन्हात, ते गच्चीवर नेऊन ठेवतं. संध्याकाळी माथ्यावर केसासारख्या चिरा. या सगळ्या मुक्कामात साचा मात्र धीर धरून असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

टिकाऊपणाचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. काँक्रीटला वाळवी लागत नाही, पावसात फुगत नाही, हे खरं. पण ते अल्कधर्मी असतं आणि आंबटाशी त्याचं जमत नाही. लिंबाच्या सरबताचा पेला, सोलकढीची वाटी, चिंचेच्या चटणीचा थेंब असं काही पडलं, की तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग राहतो. हळद तर शोषूनच घेतं. ज्या घरात लिंबू, कोकम, चिंच आणि हळद वर्ज्य आहेत अशा घरासाठी हे टेबल उत्तम. असं मराठी घर मला माहीत नाही. उपाय म्हणून वर सीलर मारतात. सीलरवर विश्वास नसल्याने आजी क्रोशाचा रुमाल घालते. रुमालाला डाग पडू नये म्हणून त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक येतं. आता काँक्रीट दिसतच नाही, खाली काय आहे हे फक्त ते सरकवताना कळतं, आणि सरकवताना कळणं पायाच्या अंगठ्यासाठी चांगलं नसतं. कडेचं टेबल या वस्तूचं आयुष्यच सरकण्यात जातं. पाहुणे आले की पुढे, गणपती बसले की आतल्या खोलीत, सत्यनारायणाला पुन्हा बाहेर. जड होण्यासारखं त्याच्या कामात काही नाही. बिचाऱ्या सोसायटीच्या सचिवांना मात्र उगाच स्लॅबची काळजी वाटते. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे 200 किलो वजन धरूनच इमारतीचं गणित केलेलं असतं. वीस-तीस किलोच्या टेबलाने काही कोसळत नाही.

मग साच्याचं काय होतं? टेबल सुटल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहतो. एक गुळगुळीत, सनमायका लावलेला, काटकोनातला 18 मिलिमीटरचा प्लाय, वजन दोन-सव्वादोन किलो. दोन दिवसांत त्याच्यावर कोणीतरी वर्तमानपत्र ठेवतं. आठवड्यात तो दोन स्टुलांवर आडवा होतो आणि त्यावर मिक्सर येतो. काँक्रीटची फळी तोवर सीलरची वाट बघत बाथरूमजवळ उभी असते, आणि येणारा-जाणारा तिला ठेचकाळतो.

राहता राहिलं पोतं. पाच किलो वापरून उरलेलं पंचेचाळीस किलो सिमेंट तोंड वळून, वर वीट ठेवून बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं केलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये म्हणतात, आणि ओतायचा मुहूर्त एप्रिलचा असेल तर हे तीन महिने नेमके पावसाळ्यात जाऊन पडतात. हवेतला ओलावा विणलेल्या पिशवीतून आत शिरतो, आणि कोणी काही न ढवळता, न मोजता, न ठोकता, गणपतीपर्यंत पोत्याचा निदान बाहेरचा तीन-चार बोटं थर दगड होतो. माझ्या सिद्धांताला खरा अपवाद हाच. इथे साचा आहे, पण तो सिमेंटबरोबर फुकट आलेला आहे. पृष्ठभागावर पिशवीच्या विणीची इतकी बारीक, एकसारखी नक्षी उमटलेली असते, की ती कोणा वास्तुकाराने काढली असती तर त्याचे वेगळे पैसे लागले असते. कडा आपोआप गोल, उंची सोफ्याच्या हाताएवढी, आणि ना पाय जोडायचे ना जाळी घालायची. ‘43 ग्रेड’ लिहिलेली बाजू भिंतीकडे केली की झालं.